गळीत हंगाम आणि मुलांचे मन

राग आला असता तो कोणापुढे आणि किती दाखवावा, भीती वाटली असता कोणाजवळ जावे, अपमान झाला असता तो बोलून दाखवावा की गिळून टाकावा, या गोष्टी कोणतेही मूल जन्मतः जाणत नाही. ते शाळेत जाण्याच्या पुष्कळ आधी घरात त्या शिकू लागते आणि वयाच्या विशीपर्यंत शिकतच राहते. या क्षमतेला मानसशास्त्रात भावनानियमन म्हणतात. भावना दाबून टाकणे असा त्याचा अर्थ नाही. भावनेची तीव्रता, तिचा कालावधी आणि तिची अभिव्यक्ती प्रसंग पाहून कमीजास्त करता येणे, एवढाच त्याचा आशय आहे. म्हणून अन्याय झाला असताना मुद्दाम आवाज चढवणे हेदेखील भावनानियमनच ठरते. पालकांचा या शिक्षणातील वाटा नेमका कोणत्या वाटांनी पोहोचतो याची मांडणी अमांडा मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली केली, आणि तीत त्यांनी तीन वाटा सांगितल्या: मूल पालकांच्या वागण्याचे जे निरीक्षण करते ती पहिली, मुलाच्या भावनेला पालक जो प्रतिसाद देतात ती दुसरी, आणि घरात एकंदर जे भावनिक वातावरण असते ती तिसरी. पालकत्वावरील व्याख्याने आणि पुस्तके पहिल्या दोन वाटांवर भरपूर बोलतात, कारण त्या सुधारण्याचा उपदेश करता येतो. तिसरी वाट मात्र पालकांच्या एकट्याच्या हातात नसते, ती त्यांच्या कामाच्या वेळा, कर्ज आणि मिळकत यांतून जाते, आणि तीच बहुधा चर्चेबाहेर राहते.

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातले श्रीपूर हे गाव या तिसऱ्या वाटेचा विचार करण्यास विशेष सोयीचे आहे, कारण तेथील घरांचे वर्ष पंचांगापेक्षा साखर कारखान्याच्या वेळापत्रकावर अधिक चालते. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्याभोवती ही वस्ती वाढली. आज येथे पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचे गाळप होते, आणि नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा सारा पट्टा, शेजारचे माळीनगर आणि अकलूज धरून, उसावरच उभा आहे. गळीत हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. त्या काळात कारखान्यातील कामगार तीन पाळ्यांत काम करतो, म्हणजे एखाद्या आठवड्यात वडील दिवसा झोपलेले असतात आणि घरातील सर्वांना हळू बोलावे लागते. ऊसउत्पादक शेतकऱ्याचे गणित आणखी लांब पल्ल्याचे असते. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस तोडणीस येण्यास सोळा ते अठरा महिने लागतात, तोपर्यंत खते, पाणी आणि सोसायटीचे कर्ज यांचा खर्च चालूच असतो, तोडणीची पाळी लांबली की उसाला तुरा येऊन वजन घटते, आणि ऊस गेल्यानंतरही पैसे हाती येईपर्यंत वाट पाहावीच लागते. ऊस नियंत्रण आदेश, 1966 अन्वये कारखान्याने ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत दर चुकता करावयाचा असतो. ही मुदत पाळली न गेल्यामुळे महाराष्ट्रात झालेली आंदोलने वाचकांना माहीत आहेत. त्या आंदोलनांच्या बातम्यांत टनाचा दर येतो, थकबाकीचा आकडा येतो. त्याच काळात त्या घरांतील दहावीच्या वर्गातल्या मुलामुलींवर काय परिणाम होत असेल, हा प्रश्न मात्र बातमीचा विषय होत नाही.

या प्रश्नाचे सर्वांत सविस्तर उत्तर एका परक्या शेतीप्रधान प्रदेशातून आले आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात 1980 च्या दशकात शेतीवर मोठे अरिष्ट कोसळले: जमिनीचे भाव पडले, व्याजदर चढले आणि अनेक कुटुंबांच्या शेतीवर जप्ती आली. रँड काँगर, ग्लेन एल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 पासून तेथील ग्रामीण भागातील 451 कुटुंबांचा, ज्यांत सातवीत शिकणारे एक मूल होते अशा कुटुंबांचा, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यांना दिसलेली साखळी अशी होती की पैशाची टंचाई मुलांना थेट इजा करीत नाही. ती आधी आईवडिलांचे मन खचवते, खचलेले मन पतिपत्नींमध्ये धुसफूस वाढवते, त्या धुसफुशीतून मुलांशी होणारे वर्तन कठोर किंवा उदासीन बनते, आणि मुलाच्या मनापर्यंत जे पोहोचते ते या शेवटच्या कडीतून पोहोचते. या मांडणीला कौटुंबिक ताणाचे प्रारूप असे नाव पडले. तिचे व्यावहारिक महत्त्व असे की मिळकत तीच राहूनही साखळीची एखादी कडी सैल करता येते. ज्या घरांत आर्थिक ओढाताण असूनही आईवडील एकमेकांस धरून राहिले, तेथे मुलांपर्यंत पोहोचणारा आघात कमी झाला. ऊसबिल उशिरा मिळणे आणि शेतजमीन जप्त होणे यांत अर्थातच अंतर आहे; परंतु ज्या घराची सगळी वर्षभराची देणी एका रकमेवर टांगलेली असतात, त्या घराच्या भावनिक वातावरणाची रचना दोन्ही ठिकाणी एकसारखी असते, असे मानण्यास पुरेसे कारण आहे.

पहिल्या वाटेकडे, म्हणजे निरीक्षणाकडे, आता वळता येईल. अर्भक आईच्या चेहऱ्यावर किती अवलंबून असते हे एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात एका साध्या प्रयोगाने दाखवले: बाळाशी खेळत असलेल्या आईने काही काळ चेहरा पूर्ण निर्विकार ठेवला की बाळ आधी तिला हसवण्याचा प्रयत्न करते, मग अस्वस्थ होते, आणि अखेर तोंड फिरवून घेते. मोठे मूल चेहऱ्याबरोबर प्रसंगही वाचू लागते. तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयशी फोनवर अतिशय नम्रतेने बोलणारे वडील फोन ठेवताच ताटातल्या भाजीवरून आईवर ओरडतात, हे पाहणारे मूल एक स्पष्ट धडा घेते: राग ज्याच्यामुळे आला त्याच्यावर काढायचा नसतो, जो उलट बोलू शकत नाही त्याच्यावर काढायचा असतो. हा धडा कोणीही शब्दांत दिलेला नसतो, आणि म्हणूनच तो पुढे शब्दांनी पुसताही येत नाही. याउलट, आज डोके ठिकाणावर नाही, बिलाचे अजून कळले नाही, थोड्या वेळाने बोलू, असे घरातील मोठा माणूस मोठ्याने म्हणतो तेव्हा मुलाला तीन गोष्टी एकदम कळतात: भावनेला नाव असते, तिला कारण असते आणि ती काही वेळाने ओसरते. घटना आणि भावना यांच्यामध्ये विचार असतो, आणि तो विचार तपासता येतो, हा अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा गाभा आहे. कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात 1990 साली सुरू केलेल्या संस्थेच्या कामातून ती अनेक शाळा-महाविद्यालयांत पोहोचली. बिल लांबले म्हणजे आपण संपलो, हा एक विचार. बिल लांबले म्हणजे दोन महिने ओढाताणीचे जातील, हा दुसरा. आर्थिक वस्तुस्थिती दोन्हींत एकच असते, पण जेवताना कानावर पडलेल्या या दोन वाक्यांतून दोन वेगळ्या सवयी लागतात.

दुसरी वाट प्रतिसादाची. जॉन गॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात पालकांना मुलांच्या भावनांविषयी काय वाटते याचाच अभ्यास केला, आणि पालकांमध्ये ठळक भेद त्यांना आढळला. काही पालक मुलाचा राग किंवा दुःख ही शिकवण्याची आणि जवळ येण्याची संधी मानतात, ती भावना ऐकून घेतात, तिला नाव देतात आणि वागण्याची मर्यादाही आखून देतात. इतर पालकांना ती भावना म्हणजे लवकरात लवकर मिटवण्याचे संकट वाटते. दुसऱ्या प्रकारचे पालक प्रेमळ नसतात असे मुळीच नाही. पडलेल्या मुलाला काही झाले नाही, मुंगी मेली बघ, असे सांगणारी आजी अतिशय प्रेमळ असते. अडचण एवढीच की मुलाला काहीतरी झालेले असते. अशा प्रतिसादांची संख्या वाढत गेली की आपल्याला जे वाटते ते खरे नसावे, अशी शंका मुलाच्या मनात मूळ धरते. त्यात मुलगा आणि मुलगी हा भेद मिसळतो. तारा चॅप्लिन आणि सहकाऱ्यांच्या 2005 च्या अभ्यासात असे दिसले की वडील मुलींच्या दुःखाकडे व भीतीकडे मुलांच्या तशा भावनांपेक्षा अधिक लक्ष देतात आणि मुलांच्या रागाकडे अधिक लक्ष देतात. म्हणजे मुलग्याला राग ही एकच भावना फळ देणारी म्हणून हाती लागते. मुलगा असून रडतोस, हे वाक्य ज्या प्रदेशात सहज उच्चारले जाते तेथे या निष्कर्षाचे आश्चर्य वाटू नये.

तथापि पाश्चात्त्य प्रयोगशाळांतील हे निष्कर्ष माळशिरस तालुक्यातील घरांना जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे, आणि ही शंका केवळ स्वाभिमानातून आलेली नाही, तिला संशोधनाचा आधार आहे. पामेला कोल आणि सहकाऱ्यांनी नेपाळमधील तामांग आणि ब्राह्मण या दोन समाजांतील लहान मुलांचा अभ्यास करून 2006 साली दाखवले की तामांग वडीलधारी माणसे रागावलेल्या मुलाला दटावतात आणि ओशाळलेल्या मुलाला जवळ घेऊन समजावतात, तर ब्राह्मण घरांत रागावलेल्या मुलाची समजूत काढली जाते आणि ओशाळलेल्या मुलाकडे दुर्लक्ष होते. दोन्ही समाज आपापल्या जगण्याला उपयोगी असे मन घडवीत असतात. भारतातील अभ्यास याहून जवळचा आहे. वैशाली रावल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमध्ये मुलांशी आणि मातांशी बोलून पाहिले, तेव्हा राग आणि दुःख यांपेक्षा शारीरिक वेदना व्यक्त करणे अधिक मान्य आहे असे चित्र पुढे आले. या निष्कर्षाचा विचार महाराष्ट्रातील पालकांनी जरूर करावा. शाळेत अपमान झाला म्हणून रडणाऱ्या मुलाला जे मिळत नाही ते पोट दुखते म्हणणाऱ्या मुलाला मिळत असेल, तर परीक्षेच्या सकाळी दुखणारे पोट हे ढोंग नसते. ज्या भाषेत बोलले असता घर ऐकते, ती भाषा ते मूल बोलत असते. दुसरीकडे, मोठ्यांसमोर राग आवरणे म्हणजे आजारच, ही समजूतही तितकीच उथळ आहे. जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत असे दिसले होते की चेहऱ्यावरची भावना दडपली तरी शरीरातील खळबळ कमी होत नाही. पण एमिली बटलर, ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2007 साली जोडलेली पुस्ती महत्त्वाची आहे, ती अशी की आशियाई मूल्ये मानणाऱ्या व्यक्तींना भावना आवरण्याची तेवढी किंमत मोजावी लागत नाही, कारण त्या आवरण्यामागे भीती नसून नाते जपण्याची इच्छा असते. एकत्र कुटुंबात आजोबांपुढे गप्प राहिलेल्या मुलीला नंतर काकूजवळ किंवा मावशीजवळ मन मोकळे करता येत असेल, तर ते गप्प राहणे कौशल्य आहे. तिला कोठेच बोलता येत नसेल, तर ते कौशल्य नाही.

मराठी साहित्यातील आईची जी सर्वाधिक परिचित प्रतिमा आहे, ती या संदर्भात नव्याने वाचण्यासारखी आहे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये पोहायला घाबरून लपणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते. आजच्या कोणत्याही पालकत्वाच्या पुस्तकात हा प्रसंग चुकीचे उदाहरण म्हणूनच छापला जाईल, आणि मारण्याचे समर्थन करण्याचे काही कारणही नाही. पण वाचकांच्या पिढ्यांना त्या प्रसंगात क्रौर्य जाणवले नाही, याचे कारण प्रसंग तेथे संपत नाही: श्याम परतल्यावर आई त्याच्या रागाची दखल घेते आणि आपण असे का वागलो ते त्याला सांगते. मार लक्षात ठेवून ते बोलणे विसरणे, असा त्या पुस्तकाचा उपयोग अनेक घरांत झाला आहे, हे मात्र मान्य करावे लागते.

मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की आतापर्यंतची व्यवस्था अपुरी पडू लागते. डिलन जी आणि सहकाऱ्यांनी 2014 साली केलेल्या मेंदूच्या अभ्यासात असे आढळले की लहान मुलांमध्ये आईचे केवळ छायाचित्र पाहूनही भीतीशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागाची प्रतिक्रिया शांत होते. किशोरवयीन मुलांमध्ये हा परिणाम दिसत नाही. म्हणजे कालपर्यंत कुशीत घेतल्याने शांत होणारे मूल आज कुशीत घेतल्याने शांत होत नाही, आणि यात आईचे काही चुकलेले नसते. या वयात भावना तीव्र होतात, त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीनंतरही परिपक्व होत राहतो, आणि मदत हवी असली तरी ती मागण्याची पद्धत बदलते. पालकांची पहिली प्रतिक्रिया बहुधा पाळत वाढवण्याची असते: फोन तपासणे, मित्रांची चौकशी करणे, दप्तर उचकणे. हॉकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी 2000 साली स्वीडनमधील चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून या समजुतीला धक्का दिला. मुलांविषयी पालकांना जी माहिती असते ती पाळतीतून फारशी येत नाही, मुले स्वतःहून जे सांगतात त्यातून ती प्रामुख्याने येते, असे त्यांना आढळले. मूल कधी सांगते, हा मग खरा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर मागच्या वेळी सांगितल्यावर काय झाले यात दडलेले असते. याच वयात घराघरांत एक शस्त्र वापरले जाते, ते म्हणजे अबोला. त्याच्या जोडीला तुझ्यासाठी एवढ्या खस्ता खाल्ल्या, हे वाक्य असते. मुलाच्या वागण्यावर मर्यादा घालणे आणि प्रेम काढून घेण्याच्या भीतीने त्याच्या मनावर ताबा मिळवणे, यांतील भेद ब्रायन बार्बर यांनी 1996 साली स्पष्ट केला. दुसऱ्या प्रकाराचा संबंध किशोरांतील खिन्नतेशी आढळतो. रात्री किती वाजता घरी यावे हे ठामपणे सांगणारे वडील पहिल्या प्रकारात मोडतात. चार दिवस न बोलणारे वडील दुसऱ्या प्रकारात मोडतात, आणि ते बहुधा स्वतःला अधिक सौम्य समजत असतात.

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी लातूरला किंवा राजस्थानातील कोट्याला पाठवलेल्या मुलांविषयी बरेच लिहिले गेले आहे. श्रीपूरच्या परिसरात हंगामाचे सहा महिने राहूनही ज्यांच्याविषयी फारच थोडे लिहिले जाते, अशी मुले ऊसतोड मजुरांची होत. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतून टोळ्या येतात; मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायको मिळून एक कोयता म्हणून गणले जातात, पहाटे अंधारात फडावर जातात, आणि गाडी भरण्याचे काम रात्रीही करावे लागते. एक दिवसाचा खाडादेखील पदरमोड करायला लावतो. या व्यवस्थेत मूल दोनपैकी एका ठिकाणी वाढते. ते आईवडिलांबरोबर आले तर कोपीत राहते, तान्हे असेल तर फडाच्या कडेला झोळीत निजते, आणि त्याची मोठी बहीण, जी स्वतः आठ-दहा वर्षांची असते, त्याला सांभाळते. लहानग्याचे रडणे थांबवण्याचे काम अशा मुलीवर पडते जिचे स्वतःचे रडणे थांबवायला कोणी नसते. ते गावी मागे राहिले तर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधारावर राहते, आणि वर्षातील निम्मा काळ आईवडील हे फोनमधले आवाज असतात. फोनवर अभ्यासाची चौकशी होते, जेवलास का असे विचारले जाते, पण थकून झोपेला आलेल्या आईला मुलगा आपल्याला वाटणारी भीती सांगत नाही, कारण तिला काळजी लावायची नाही हे त्याला फार लवकर कळलेले असते. बाहेरून पाहणाऱ्याला हे मूल समंजस दिसते. शिक्षक त्याचे कौतुक करतात. मात्र ज्या समंजसपणाच्या मुळाशी आपले ऐकायला कोणाला वेळ नाही हे ज्ञान असते, तो भावनानियमनाचा आदर्श मानता येणार नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाने 2021 मध्ये संत भगवान बाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना मंजूर केली. अशा योजनांची मोजदाद बहुतेक वेळा खाटा आणि ताटे यांत होते, आणि संध्याकाळी मुलांजवळ बसणारे मोठे माणूस तेथे आहे की नाही, हे त्या मोजणीत येत नाही. गावी मागे राहिलेल्या मुलांसाठी आजी पुष्कळदा आईचे काम करते, आणि तिला त्या कामाची मजुरी तर नाहीच, मान्यताही नाही.

येथे पालकांवर सर्व जबाबदारी टाकण्याचा मोह टाळणे आवश्यक आहे. ट्रॉनिक यांच्याच पुढील निरीक्षणांतून असे दिसले की उत्तम संगोपन करणाऱ्या माताही बाळाशी बहुतांश वेळ जुळलेल्या नसतात; सूर चुकतो, आणि तो पुन्हा जुळवला जातो. तो पुन्हा जुळतो हा अनुभव मुलाला सावरतो. मोठ्यांनी लहानांची माफी मागण्याची रीत आपल्याकडे नसल्याने ओरडून झाल्यावर आई आवडीची भाजी करते किंवा वडील न मागता सायकल दुरुस्त करून आणतात. मुले हा संकेत ओळखतात, त्यामुळे तो निरर्थक नाही. अपुरा मात्र आहे, कारण मघाशी नेमके काय घडले, कोणाचे काय चुकले, हे तसेच अनुत्तरित राहते आणि पंधरा वर्षांचा मुलगा त्याचे उत्तर स्वतःच ठरवतो, बहुधा स्वतःविरुद्ध. पाळी बदलून दिवसा झोपणाऱ्या कामगाराला यासाठी रोजचा तास मागणे अवास्तव ठरेल. जेवतानाची पाच मिनिटे, कालच्या ओरडण्याविषयी दोन सरळ वाक्ये, एवढे मात्र गळिताच्या ऐन भरातही शक्य असते. पालकांना स्वतःला हे जड जात असेल तर केंद्र शासनाने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक विद्यार्थ्यांसाठी म्हणून शाळांच्या फलकांवर लावला जातो. कौटुंबिक ताणाच्या साखळीचा विचार केला, तर हा क्रमांक कारखान्याच्या टाइम ऑफिसात, सोसायटीच्या कचेरीत आणि ऊसतोड टोळ्यांच्या तळावरही लावला जावयास हवा.